चोथ्यातून आलेली गोळी

मार्च महिन्यात विज्ञान शिक्षकांच्या एका बैठकीसाठी आम्ही बुलडाणा जिल्ह्यातल्या धामणगाव बढे या गावी गेलो होतो. मोताळा तालुक्यातले हे गाव. दुपारी ज्या शिक्षकांच्या घरी जेवायला होतो, त्यांच्या अंगणात कुरडयांचा घाट घातलेला होता. गहू तीन दिवस भिजत घालून, रोज पाणी बदलून आंबवलेले. मग ते वाटून, पिळून त्यातला पांढराशुभ्र चीक वेगळा काढलेला. चीक शिजायला चुलीवर गेला आणि घमेल्यात उरला चोथा. घरातल्या आजींनी त्यातला थोडा भुसवड्यांसाठी बाजूला काढला आणि बाकीचा गोठ्यात म्हशीपुढे नेऊन ठेवला. आमचे जेवण होण्याआधी म्हशीचे आटोपले होते.

त्याच दिवशी सकाळी शाळेत निळी गोळी वाटण्याचा वार होता. दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा द्यायची ही गोळी आपल्या वाचकांपैकी बहुतेकांनी स्वतःच्या हाताने वाटली असेल. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असते आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल. आठवीतल्या एका मुलीने आम्हाला विचारले, "सर, लोह म्हणजे लोखंड, ते कळलं. पण हे दुसरं काय असतं? ते कशातून काढतात?" आम्ही सांगितले की लॅटिनमध्ये फोलियम म्हणजे पान, पालेभाजीत हे आम्ल असते म्हणून त्याचे नाव तसे. मुलगी समाधानाने खाली बसली. आमचे मात्र तितकेसे समाधान झाले नाही. उत्तर चुकीचे नव्हते, पण अर्धेच होते. पानातून हे आम्ल वेगळे काढले गेले १९४१ साली. त्याच्या दहा वर्षे आधी एका स्त्री डॉक्टरने ते मुंबईत रुग्णांना दिले होते. तेव्हा त्याला नावही नव्हते आणि ते येत होते मद्याच्या कारखान्यातल्या टाकाऊ मालातून.

शाळेच्या मासिकात मद्याचा विषय कशाला, असे कोणाला वाटेल. विषय मद्याचा नाही, त्यातून मागे काय उरते याचा आहे.

कुरडईचा चोथा आणि बिअरचा चोथा

बिअर करताना सातूला, म्हणजे बार्लीला मोड आणतात आणि ते वाळवतात. नाचणीचे सत्त्व करताना आपल्याकडे हेच करतात. मोड येताना दाण्यात विकरे तयार होतात. हे दाणे भरडून कोमट पाण्यात ठेवले की विकरे पिठाचे, म्हणजे स्टार्चचे, साखरेत रूपांतर करतात. ते गोड पाणी गाळून घेतात आणि पुढे त्यात यीस्ट घालून ते आंबवतात. गाळल्यावर मागे राहतो तो चोथा. कुरडईत आपल्याला स्टार्चच हवा असतो म्हणून आपण तो चिकाच्या रूपात काढून घेतो. बिअरवाला त्याची साखर करून नेतो. दोन्हीकडे मागे उरते ते सारखेच: साल, कोंडा, अंकुराचा भाग आणि दाण्यातली बरीचशी प्रथिने.

या चोथ्याचे प्रमाण थोडेथोडके नसते. शंभर लिटर बिअरमागे साधारण वीस किलो ओला चोथा निघतो. त्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असते. वाळवून पाहिले तर सुमारे पाचवा हिस्सा प्रथिने आणि निम्म्याच्या आसपास तंतू. माणसाच्या पोटाला हे तंतू पचत नाहीत, रवंथ करणाऱ्या जनावराला पचतात, कारण त्याच्या पोटातले जंतू ते काम करतात. म्हणून जिथे बिअर होते तिथे शेजारी गोठा असतो, ही फार जुनी जोडी आहे. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) औद्योगिक वसाहतींत बिअरचे कारखाने आले, आणि तिथला चोथाही दुभत्या जनावरांकडेच जातो.

अडचण आहे ती ओलाव्याची. उष्णतेत हा चोथा एकदोन दिवसांत आंबतो, त्याला बुरशी धरते. दूर न्यायचा तर पाणीच वाहून नेल्यासारखे होते आणि वाळवायचा तर इंधन जळते. त्यामुळे तो लवकर, जवळपास आणि स्वस्तात खपवणे हाच कारखान्याचा हिशेब असतो. हा हिशेब माणसाच्या जिवावर उठू शकतो, हे एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्कने पाहिले.

तिथे दारूच्या भट्ट्यांना लागून गोठे बांधले होते. भट्टीतला गरम, पातळ चोथा नळाने थेट गव्हाणीत येई. गायींना दुसरे काही मिळतच नसे, ना गवत ना मोकळी हवा. दातांना चावायचे काम उरले नाही, दात पडले. अंगाला जखमा झाल्या. अशा गायींचे दूध पातळ आणि निळसर येई, मग त्यात खडूची भुकटी आणि पीठ घालून ते शहरातल्या तान्ह्या मुलांना विकले जाई. रॉबर्ट हार्टली यांनी १८४२ साली या दुधावर पुस्तक लिहून धोका सांगितला होता. फारसे कोणी ऐकले नाही. १८५८ साली फ्रँक लेस्ली यांच्या सचित्र साप्ताहिकाने गोठ्यांची चित्रे छापली तेव्हा गहजब झाला आणि १८६२ मध्ये राज्याचा कायदा आला. मूळ माल तोच, जो गोठ्यात मोजून, ताजा, सुक्या चाऱ्याबरोबर दिला तर जनावर धष्टपुष्ट होते. तेव्हा चोथा चांगला की वाईट, या प्रश्नाला आम्ही तरी उत्तर देणार नाही. तो कोणाला, किती आणि कशाबरोबर दिला, हे विचारावे लागते.

पिंपाच्या तळाशी

बिअरच्या कारखान्यात दुसराही एक चोथा असतो. तो दाण्याचा नसतो, यीस्टचा असतो. यीस्ट ही एकपेशीय बुरशी. साखर खाताना तिची संख्या वाढते आणि किण्वन संपते तेव्हा घातली होती त्याच्या कितीतरी पट यीस्ट गोळा झालेली असते. पुढच्या घाण्यासाठी तिच्यातली थोडीच लागते. बाकीचा कडसर, करडा लगदा नदीत सोडला तर पाण्यातला प्राणवायू संपून मासे मरतात. ठेवला तर सडतो.

या लगद्याचे खाद्य करता येईल हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लिबिग यांच्या ध्यानात आले होते. यीस्टमध्ये मीठ घालून ती कोमट ठेवली की पेशी मरतात आणि त्यांच्यातलीच विकरे त्यांची प्रथिने विरघळवतात. गाळून, आटवून काकवीसारखा काळपट, खारट अर्क मिळतो. चवीला तो मांसाच्या रश्शासारखा लागतो, मांसाचा एक कणही नसताना. १९०२ साली इंग्लंडमध्ये बर्टन-अपॉन-ट्रेंट या बिअरसाठी प्रसिद्ध असलेल्या गावात हा अर्क 'मार्माइट' या नावाने विकायला सुरुवात झाली. कारखान्याला कच्चा माल शेजारच्या बिअरच्या कारखान्याकडून मिळे. पहिल्या महायुद्धात हा अर्क सैनिकांच्या शिध्यात गेला. जीवनसत्त्वांची कल्पना तेव्हा नुकतीच पुढे येत होती आणि ज्याला 'ब' जीवनसत्त्व म्हणत ते या अर्कात भरपूर आहे, एवढे कळले होते. 'ब' हे एक नसून अनेक आहेत, हे कळायला अजून वेळ होता.

परळ, १९२८

आता मुंबईला यावे लागेल. वऱ्हाडचा कापूस तेव्हा खामगाव, मलकापूरकडून रेल्वेने मुंबईला जात असे आणि परळ-लालबागच्या गिरण्यांत त्याचे सूत होई. त्या गिरण्यांत हजारो बायका काम करत. त्यांच्यातल्या आणि शहरातल्या एकूण गरीब वस्तीतल्या पुष्कळ बायकांना गरोदरपणात एक विचित्र आजार होई. चेहरा पांढराफटक पडे, पायांवर सूज येई, धाप लागे. रक्त इतके कमी होई की बाळंतपणात किंवा त्याच्या आधीच बाई दगावे.

डॉ. मार्गारेट बाल्फर यांनी मातामृत्यूंच्या चौकशीचे काम हाती घेतले होते. त्यांनी या कामासाठी लंडनहून एका डॉक्टरला बोलावून घेतले. त्या ल्यूसी विल्स. जन्म १८८८ चा, म्हणजे तेव्हा वय चाळीस. केंब्रिजमध्ये वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्र शिकलेल्या, मग वैद्यकाकडे वळलेल्या. (केंब्रिज विद्यापीठाने स्त्रियांना पूर्ण पदवी द्यायला १९४८ साल उजाडले, हे जाता जाता.) १९२८ साली त्या मुंबईत आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागल्या. गिरण्यांचे भोंगे तिथे ऐकू येत असणार.

सूक्ष्मदर्शकाखाली या बायकांचे रक्त पाहिले की एक गोष्ट लगेच दिसे. लोहाच्या कमतरतेत तांबड्या पेशी लहान आणि फिकट होतात. इथे त्या संख्येने फार कमी, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या होत्या. असे रक्त तोवर एका वेगळ्या आजारात ठाऊक होते, ज्याला 'घातक पांडुरोग' म्हणत. मायनॉट आणि मर्फी या अमेरिकन डॉक्टरांनी १९२६ साली दाखवले होते की रोज भरपूर यकृत खायला दिले तर घातक पांडुरोगाचा रुग्ण सुधारतो. त्याबद्दल त्यांना पुढे, १९३४ मध्ये, व्हिपल यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. मग मुंबईच्या बायकांनाही यकृत द्यावे, काम झाले, असे कोणालाही वाटले असते.

विल्स यांना काही गोष्टी जुळत नव्हत्या. घातक पांडुरोगात जठरात आम्ल तयार होत नाही. या बायकांच्या जठरात ते होत होते. यकृताचा साधा, ओबडधोबड अर्क त्यांना लागू पडे. पण तोच अर्क शुद्ध करत नेला, घातक पांडुरोगावर उत्तम चालणारा केला, तर तो इथे चालेना. शुद्ध करताना काहीतरी फेकले जात होते आणि या बायकांना नेमके तेच हवे होते! आम्हाला या साऱ्या गोष्टीतला हा सर्वांत सुंदर तर्क वाटतो. वर्गात तो थांबून सांगण्यासारखा आहे: औषध शुद्ध केल्यावर निकामी होते, याचा अर्थ रोग दुसरा आहे आणि त्याचे औषध गाळात आहे.

पण त्या प्रयोगशाळेत बसून राहिल्या नाहीत. एस. एन. तळपदे यांच्यासह त्यांनी मुंबईतल्या वेगवेगळ्या थरांतल्या स्त्रियांच्या घरचे जेवण आणि राहणी यांची पाहणी केली. ती 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मध्ये १९३० साली छापून आली. त्याआधीचा प्राथमिक अहवाल एम. एम. मेहता यांच्याबरोबरचा. विल्स यांचे नाव आज जगभर घेतले जाते. तळपदे आणि मेहता ही नावे शोधावी लागतात. ज्यांच्या जेवणात दूध, फळे, भाजीपाला जवळजवळ नव्हता त्यांच्यात आजार जास्त, असे चित्र पुढे आले. सर्वांत वाईट अवस्था गरीब मुसलमान स्त्रियांची होती.

मग जेवण हेच कारण आहे का, हे तपासायला विल्स यांनी १९२९ च्या उन्हाळ्यात निलगिरीतल्या कुन्नूरच्या प्रयोगशाळेत उंदरांना त्या स्त्रियांसारखा आहार दिला. उंदरांना पांडुरोग झाला, गाभण माद्या पिले होण्याआधीच मेल्या. आहारात यीस्ट घातली की हे टळे. निष्कर्ष हाताशी आला असे वाटत असतानाच लक्षात आले की उंदरांच्या अंगावर उवा आहेत आणि त्या एक रक्तातला संसर्ग पसरवतात. म्हणजे उंदीर आहाराने आजारी पडले की उवांमुळे, हे सांगता येईना. प्रयोगाचा असा विचका झाला की तो गुपचूप बाजूला ठेवण्याचा मोह होतो. आमच्याही प्रयोगशाळेत असे मोह होतात. विल्स यांनी पुढे तेच काम ऱ्हीसस माकडांवर पुन्हा केले आणि तिथेही उत्तर यीस्टच्याच बाजूने आले.

आता माणसांना काय द्यायचे? यकृत महाग, आणि अनेकींना ते चालणारही नाही. यीस्टचा अर्क हवा होता आणि बाजारात मिळणाऱ्यांत सर्वांत स्वस्त होता तो मार्माइट, बिअरच्या पिंपाच्या तळचा. रुग्णालयातल्या गरोदर बायकांना तो दिला गेला. काही दिवसांतच रक्तात नव्या, कोवळ्या तांबड्या पेशी दिसू लागल्या. भूक परत आली, सूज उतरू लागली. जून १९३१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषध काय आहे हे ठाऊक नव्हते, फक्त ते कशात आहे एवढे ठाऊक होते. त्या अनाम द्रव्याला काही वर्षे 'विल्स घटक' म्हणत.

पालक, सुब्बाराव आणि पुढे

अमेरिकेत टेक्सासमध्ये मिशेल, स्नेल आणि विल्यम्स यांनी १९४१ साली चार टन पालकातून एक द्रव्य काढले आणि त्याला फॉलिक आम्ल नाव दिले. आमच्या उत्तरातले पान ते हेच. १९४५ मध्ये लेडर्ली प्रयोगशाळेत ते रासायनिक रीतीने तयार झाले. तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातून गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव. विल्स घटक आणि हे आम्ल एकच, हे त्यानंतर स्पष्ट झाले. घातक पांडुरोगावर चालणारा यकृतातला घटक वेगळा निघाला. ते ब-१२ जीवनसत्त्व, १९४८ साली हाती आले.

पेशी मोठ्या का होत होत्या, तेही उमगले. पेशीचे विभाजन होण्याआधी तिच्यातल्या डीएनएची दुसरी प्रत तयार व्हावी लागते आणि त्या कामाला फॉलिक आम्ल लागते. ते नसेल तर पेशी वाढत राहते, पण दुभंगत नाही. आपली अस्थिमज्जा दर सेकंदाला वीस लाखांच्या आसपास तांबड्या पेशी घडवते, म्हणून टंचाई पहिल्यांदा तिथे जाणवते. गर्भात तर साराच कारभार पेशीविभाजनाचा. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनच्या मोठ्या चाचणीत, ज्यांना आधी मज्जारज्जूत दोष असलेले मूल झाले होते अशा स्त्रियांनी गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक आम्ल घेतले, तर तो दोष पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण जवळपास तीन चतुर्थांशांनी घटले.

इथे एक विपर्यास आहे. यीस्टच्या पेशीत हे आम्ल ठासून भरलेले असते, पण मद्य मात्र शरीराला ते शोषू देत नाही. अट्टल मद्यपींमध्ये त्याची टंचाई नेहमी आढळते. बिअरच्या कारखान्यातले औषध पेल्यात नव्हतेच, जे फेकून द्यायचे त्यात होते.

आपल्या शाळांतली गोळी आता यीस्टपासून करत नाहीत, फॉलिक आम्ल रासायनिक कारखान्यात तयार होते. आजार मात्र संपलेला नाही. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के पांडुरोगी आढळल्या. त्यांच्यात मोठा वाटा लोहाच्या कमतरतेचा आहे, म्हणून गोळीत दोन्ही घालतात. मळमळते म्हणून मुली गोळी खिडकीतून टाकतात, हे धामणगावच्या बैठकीत दोन शिक्षकांनी सांगितले. जेवणानंतर द्या, रिकाम्या पोटी नको, एवढा साधा उपाय त्यांच्याच एका सहकारी बाईंनी सुचवला. त्यांच्या वर्गात गोळ्या खिडकीबाहेर जात नाहीत म्हणे.

संध्याकाळी निघताना आम्ही त्या मुलीला गाठून उरलेले अर्धे उत्तर सांगितले. बिअरच्या पिंपाचे ऐकून ती आधी हसली. मग म्हणाली, "मग आमच्या कुरडईच्या चोथ्यात पण असेल का ते?" गव्हाच्या कोंड्यात आणि अंकुरात फॉलेट असते, त्यामुळे चोथ्यात ते काही प्रमाणात राहणारच. पण हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळणारे आहे. तीन दिवस रोज बदललेल्या पाण्याबरोबर किती जाते, हे मोजावे लागेल. ते आंबूस पाणी आजींनी कुठे ओतले, तेही आम्ही पाहिले होते: परसातल्या कढीपत्त्याच्या मुळाशी. झाड चांगलेच फोफावले होते.